इनासच्या कपाळावरचं पाणी

चवथीला आमच्या धारगळच्या घरी दीर, जावा, नणंदा, पुतणे मिळून तीसेक माणसं गोळा होतात. दुपारची जेवणं उरकली, पुरुष मंडळी गणपतीपुढं टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली लवंडली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "वयनी, तुमी पाद्री झाल्लास ती गजाल सांगा." मग मी आढेवेढे घेते. तीन वेळा नाही म्हणायचं आणि चौथ्यांदा मांडी घालून बसायचं, एवढा संयम मी पाळते. मग गोष्ट सुरू होते.

ती अशी. मी, धारगळची सून, मुळगावची माहेरवाशीण, पाच मिनिटांसाठी ख्रिस्ती धर्माची पुरोहित झाले. स्टीलचा पेला भरून पाणी घेतलं, तान्ह्या पोराच्या डोक्यावर तीन वेळा ओतलं, ते डॉक्टर मॅडमच्या चपलांत गेलं आणि मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, आता चर्चमधली मीसही तुम्हीच म्हणणार का?" इथे सगळे हसतात. मी मॅडमचा आवाज बऱ्यापैकी काढते. हसणं ओसरायच्या आत मी चहाला उठते, त्यामुळे पुढे त्या बाळाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. गोष्ट मी बांधलीच आहे अशी की विचारायला जागा राहू नये.

त्या गोष्टीत पेला खोटा आहे. मॅडमच्या चपला खोट्या आहेत. मीस म्हणण्याचा विनोद माझा मीच रचलेला आहे. खरं काय ते सांगायला सव्वीस वर्षं लागली.

मी एकतीस वर्षं सरकारी परिचारिका होते, त्यातली बावीस प्रसूतीच्या खोलीत. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, मागोमाग मी दिला. आमचं आरोग्य केंद्र पेडणे तालुक्यात होतं, नाव कशाला घेऊ. दोन डॉक्टर, सहा परिचारिका, आणि पावसाळ्यात एक कायमची गळती. लोकांना वाटतं प्रसूतीच्या खोलीतली नर्स म्हणजे 'जोर लाव, जोर लाव' म्हणणारी बाई. ते तर आहेच. पण खरं काम बाळ बाहेर आल्यावरच्या पहिल्या मिनिटाचं. पुसायचं, गुंडाळायचं, तोंड साफ करायचं, पाठ चोळायची, तळपायाला टिचकी मारायची. बहुतेक बाळं एवढ्यावर रडतात आणि नर्सचा जीव खाली येतो. काही रडत नाहीत. त्यांच्या तोंडानाकावर मुखवटा धरून रबरी फुगा दाबायचा, म्हणजे त्यांचा श्वास आपण घ्यायचा. तेव्हा डोक्यात दुसरं काही येत नाही. पोट दुखत असलं तरी कळत नाही.

दुसरं एक काम असतं, ते नर्सिंगच्या पुस्तकात नाही. लोक आमच्याकडे येताना आपला देव घेऊन येतात, आणि त्याची सोय आम्हाला पाहावी लागते. चंदगडकडची एक सासू सुनेच्या उशाखाली ठेवायला विळा घेऊन आली होती. मी म्हटलं, विळा नको, मुलगी कूस बदलताना कापून घेईल. शेवटी आमच्या ड्रेसिंगच्या ट्रेमधली बोथट कात्री ठेवू दिली, आणि सटवाई वगैरे जे कोण येणार असेल ते तेवढ्यावर भागवून घेईल असं तिला पटवलं. डिचोलीचे एक गृहस्थ मनगटावर दोन घड्याळं बांधून दाराबाहेर उभे राहिले, पत्रिकेत सेकंदाचा घोळ नको म्हणून. आणि सहाव्या दिवशी एका बाळाच्या उशाशी नशीब लिहायला कोरा कागद आणि नवं पेन ठेवलेलं होतं, त्या पेनानं मी सबंध वॉर्डाचे ताप लिहून काढले, कारण माझं सापडत नव्हतं. आजी बघतच राहिली. त्या मुलाचं पुढे चांगलं चाललंय असं ऐकते. नाही तर मला झोप लागली नसती.

ख्रिस्ती बाळंतिणी आमच्याकडे मोजक्या. आमच्या तालुक्यात त्यांची घरंच कमी. पण त्यांच्यासाठी काय करायचं ते मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी बेंतीनबाईंनी शिकवलं. बेंतीनबाई आमच्या मुख्य परिचारिका, बार्देशच्या, कडक इस्त्रीच्या. त्यांनी औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून एक पुठ्ठा चिकटवला होता. वरच्या बाजूला कुठलं इंजेक्शन किती द्यायचं ते, आणि खाली, त्याच अक्षरात, बाप्तिस्म्याची वाक्यं. त्या म्हणाल्या, ख्रिस्ती बाळ हातातनं जातंय असं दिसलं आणि पाद्री येईपर्यंत वेळ नसला, तर बाप्तिस्मा कुणीही द्यावा. नर्सनं द्यावा, आयानं द्यावा, रिक्षावाला उभा असला तर त्यानं द्यावा.

"मी हिंदू आहे," मी म्हटलं.

"पाण्याला कळत नाही ओतणारी कोण ते," त्या म्हणाल्या. "मनात एवढंच हवं, की इगर्ज, आमचं चर्च, जे करते तेच मी करतेय. बाळाचं नाव घ्यायचं. बापाच्या नावानं, पुत्राच्या नावानं, पवित्र आत्म्याच्या नावानं. तीन वेळा पाणी ओतायचं. शिंपडायचं नाही. पुसायचं नाही. वाहिलं पाहिजे. लक्षात ठेव, वाहिलं पाहिजे."

याच बेंतीनबाईंनी मला नव्या बाळाचे डोळे पुसायलाही शिकवलं होतं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवायचा, घट्ट पिळायचा, म्हणजे थेंब गळून बाळाच्या डोळ्यात जाणार नाही, आणि एकदाच हलक्या हातानं फिरवायचा. हे मी दिवसातनं चार-पाच वेळा करत असे. बाप्तिस्मा मी कधीच दिला नव्हता.

फिलू आली ती सकाळी अकराच्या सुमारास, किनाऱ्याकडच्या गावातून, शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये. फिलोमेना तिचं नाव, चोवीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा मिंगेल तारवटी, जहाजावर कुठेतरी समुद्रात. सोबत सासू, कार्मेलीन माय, पंच्याहत्तरीची, हातात जपमाळ. फिलूला टेबलावर घेतलं आणि मी पाहिलं, तर नाळ बाळाच्या आधी खाली उतरली होती. असं झालं की बाळाचं डोकंच नाळेवर दाब देतं आणि त्याचा पुरवठा तोडतं. मोठ्या इस्पितळात पाठवायला वेळ नव्हता. मॅडमनी बाळ काढलं. मुलगा. निळा, ढिला, गप्प.

मी त्याला बाजूच्या टेबलावर घेतलं आणि फुगा दाबायला लागले. थोड्या वेळानं मॅडम आयाला फिलूपाशी उभी करून माझ्याकडे आल्या आणि दोन बोटांनी त्याची छाती दाबू लागल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला. आत यायला मनाई असताना माय आत आली होती. ती ओरडली वगैरे नाही. एखाद्याला दुकानातून काही आणायला सांगावं तसं म्हणाली, "सिस्टर, उदक घाल ताका. इनास म्हण."

माझे दोन्ही हात अडकलेले. एक मुखवट्यावर, एक फुग्यावर. मग मॅडमनी छाती दाबणं थांबवून कानाला नळी लावली, ठोके ऐकायला. तेवढाच काय तो माझा उजवा हात सुटला. नळ चार पावलांवर होता. पेला कुठे होता देव जाणे. हाताशी होती ती डोळे पुसायची वाटी. माझा हात वाटीत गेला, त्यानं बोळा उचलला, आणि, हे मी आजही डोळ्यांसमोर पाहू शकते, त्यानं तो बोळा घट्ट पिळला. शिकवल्याप्रमाणे. एक थेंब गळणार नाही असा.

"इनास," मी म्हटलं, आणि बापाच्या नावानं त्याचं कपाळ पुसलं. पुत्राच्या नावानं पुन्हा पुसलं.

"फुगा," मॅडम म्हणाल्या.

मी बोळा टाकला आणि फुगा धरला. तिसरं राहिलं. बराच वेळ आम्ही दोघी झटत राहिलो. मग मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि ते पाहणं म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकीला कळतं. इनास बावीस मिनिटं जगला.

मी त्याला स्वच्छ कपड्यात गुंडाळत होते तेव्हा टेबलावरून फिलूनं विचारलं. मान माझ्याकडे वळलेली, ओठ सुकलेले, पण आवाज चांगला मोठा.

"सिस्टर, उदक घातलें मगे?"

पाणी घातलंस ना. एवढंच. माय दारात उभी होती. फिलू माझ्याकडे पाहत होती.

"घातलें, फिलू," मी म्हटलं.

मायनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि तिथेच जमिनीवर बसली. तिला उठवायला आम्ही दोघी लागलो.

तोपर्यंत मला वाटत होतं की मी एका बाळंतिणीला धीर दिला. नर्स दिवसातून दहा खोट्या गोष्टी बोलते: दुखणार नाही, झालंच, आता शेवटचं. ही अकरावी. पण दुपारी मी फिलूचा रक्तदाब घ्यायला गेले, तर माय खाटेपाशी बसली होती. तिनं माझा हात धरला आणि सांगितलं, की तिचं पहिलं मूलही असंच गेलं होतं, घरातच, सुईणीच्या हातून, पाण्याविना. मुलगी होती. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिला सिमितेरीच्या, म्हणजे दफनभूमीच्या, भिंतीबाहेर ठेवलं. नाव नाही, खूण नाही. "पन्नास वर्षां झाली," माय म्हणाली, "मीसेक वतना हांव त्या वण्टीकडेन पळयना." चर्चला जाताना त्या भिंतीकडे ती बघत नसे. "हो भितर वतलो. तुझ्या हातान."

हा आत जाईल. तुझ्या हातानं. आता माझी अकरावी खोटी गोष्ट परत घ्यायची कशी?

चार वाजता फादर आले. म्हातारे, सडपातळ, मायच्याच गावच्या इगर्जीतले. त्यांनी मला पॅसेजमध्ये बाजूला घेऊन फार सौम्यपणे विचारलं, की सिस्टर, पाणी कपाळावरून वाहिलं ना? मी म्हटलं, हो फादर. किती वेळा? तीन वेळा, फादर. इथे पहिल्यांदा तो पेला माझ्या तोंडून बाहेर पडला. फादरनी विचारलाही नव्हता. खोटं बोलणाऱ्याला तपशील पुरवायची फार हौस असते. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आत गेले. इनासला दुसऱ्या दिवशी सिमितेरीच्या आत ठेवलं, आजोबांच्या शेजारी.

त्या वर्षीच्या नाताळला आमच्या घरी एक ताट आलं. नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं असं नाताळचं गोडधोड, वर क्रोशाचा रुमाल. पोचवणाऱ्याचा निरोप होता, 'इनासाच्या मादरिनीक.' मादरीन म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जी मुलाची धर्माची आई होते ती. आमचे हे म्हणाले, "वा, हुद्दो मोठो गावलो." मी हसले, आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. मग दर नाताळला ताट येत राहिलं आणि दर चवथीला आमचं जात राहिलं. फिलूच्या नेवऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या असतात, हे आमच्या घरात माझ्यासमोर बोललं जातं. दोन वर्षांनी फिलूला मुलगी झाली, ती माझ्याच हातावर, आणि ती अशी काही ओरडली की मॅडमनी कानावर हात ठेवले. माय शांतपणे गेली, शेवटी शेवटी तर त्या भिंतीकडे बघायलाही लागली होती असं फिलू म्हणाली. आणि मी? मी चवथीला गोष्ट सांगायला लागले. पहिल्यांदा कुणीतरी सहज विचारलं म्हणून, मग लोक हसले म्हणून. दर वर्षी पेला थोडा मोठा होत गेला.

यंदा उन्हाळ्यात फिलूचा फोन आला. तिच्या त्याच मुलीला मुलगी झाली होती, आणि येत्या रविवारी बाप्तिस्मा होता. "तू येवपाचें," ती म्हणाली. "आणि मागं बसायचं नाही. आमच्यासोबत पुढं, पाण्याच्या कुंडापाशी उभं राहायचं. मादरीन दुसरी आहे, ती कागदाची. पण तू हवीस."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला, आणि माझ्या लक्षात आलं की त्या कुंडापाशी मी उभी राहू शकत नाही. जगात दुसरीकडे कुठेही राहीन. तिथे पाणी वाहताना बघायचं, आणि शेजारी फिलू.

चहाच्या वेळी मी यांना सगळं सांगितलं. बोळा, पिळणं, दोनदा पुसणं, फादर, सगळं. तीस वर्षांच्या संसारात प्रथमच ते बिस्किट चहात बुडवून काढायला विसरले. बिस्किट गळून पडलं. मग म्हणाले, "आता सांगान तुका बरां दिसतला. पण तिका? तुझां ओझां तिच्या डोक्यार कित्याक?"

हाच तर प्रश्न होता. मी सांगणार ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? सव्वीस वर्षं ती बाई एका वाक्यावर टेकून उभी होती, ते वाक्य मी काढून घ्यायचं, कारण मला रविवारी अवघडल्यासारखं होणार म्हणून? यांचं म्हणणं बरोबर होतं. ते क्वचित बरोबर असतात, पण असतात तेव्हा फारच असतात. पण दुसऱ्या बाजूनं असंही वाटे, की तिच्या मुलाबद्दलची खरी गोष्ट तिची आहे. ती माझ्याकडे राहून चालणार नाही. दोन दिवस मी या बाजूनं त्या बाजूला हेलपाटे घातले. शुक्रवारी दुपारी, यांना न सांगता, बस धरली.

फिलू मागच्या पडवीत चुलीपाशी होती. रविवारसाठी चण्याच्या डाळीचा दोस चालला होता. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते: डाळ, खोबरं, साखर एकत्र आटवायची आणि ढवळत राहायचं. तासभर. हात थांबला की तळाला लागलं. मला पाहून तिला आनंद झाला आणि तो तिनं ढवळायचा दवला माझ्या हातात देऊन व्यक्त केला. "धर. माझो खांदो मोडलो."

बरंच झालं. मला तिच्याकडे पाठ करता आली.

ढवळता ढवळता मी सांगितलं. तिचं बोलणं कोकणीतलं, माझं आमचं पेडण्याचं. पुढचं मी बरंचसं मराठीतच लिहिते. मी म्हटलं, फिलू, पेला नव्हता. पाणी मी ओतलं नाही. कापसानं पुसलं, आणि कापूस पिळलेला होता. तेही दोनदाच. तिसरं नाव घ्यायचं राहिलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. फादरशीही.

मागून खोबरं किसायचा आवाज येत होता तो थांबला. मी दोस ढवळत राहिले, कारण मला वळायचं धैर्य नव्हतं आणि कारण तो खरंच लागायला आला होता.

"कापूस मी पाहिला होता," फिलू म्हणाली.

आता मी वळले.

"माझं डोकं कुठे होतं? तुझ्याच बाजूला. दुसरं बघण्यासारखं काय होतं तिथं? कापूस पाहिला, दोनदा पुसलंस ते पाहिलं, टाकलास तेही पाहिलं. धर्माचे धडे, कॅटेकिझम, मी शिकलेय, सिस्टर. पाणी कसं घालतात मला ठाऊक आहे."

"मग विचारलंस कशाला?"

"माय दारात होती म्हणून. तिला ऐकू यायला हवं होतं. तू नाही म्हणाली असतीस तर ती त्याच दिवशी गेली असती."

म्हणूनच तिचा आवाज एवढा मोठा होता. मला तो इतकी वर्षं आईच्या आकांताचा वाटला होता. मी बसायला जागा शोधली, ती लाकडांच्या भाऱ्यावर मिळाली. फिलूनं उठून दवला घेतला.

पुढचं ती ढवळत सांगत होती. आठ दिवसांनी फादर घरी आले, तेव्हा माय झोपलेली असताना तिनं त्यांना कापसाचं सांगून टाकलं. फादर म्हणाले, त्या नर्सनं पेल्याचं सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं. (इतकं वाईट खोटं मी बोलते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पुढची पंचवीस वर्षं चवथीला लोकांचा वेळ वाचला असता.) मग फिलूनं त्यांना विचारलं, आता माझा मुलगा कुठे? आणि फादरनी तिला सांगितलं, की पाण्याचा नियम आम्हाला आहे, देवाला नाही. आपण माणसं, आपल्याला काहीतरी डोळ्यांनी दिसावं लागतं, म्हणून पाणी. देव त्या मुलावर पाण्यापासून प्रेम करायला लागला असं समजू नकोस. तो आधीपासून करत होता, आणि कापूस कोरडा निघाला म्हणून थांबला नाही.

"आणि तुला पटलं?"

"नाही," फिलू म्हणाली. "मला कुठे देव हवा होता तेव्हा? मुलगा हवा होता. दोन वर्षं मी मीसेला गेले नाही. चुलीपुढे बसून त्याला शिव्या घालायचे, आयमांय काढून. मायला वाटायचं मी जपमाळेवर रोजार म्हणतेय. मग पोर झाली, आणि एक दिवस उठले आणि गेले. शेवटच्या बाकावर बसले. मला वाटलं होतं आत गेल्यावर आधी जाब विचारला जाईल. कुणीही विचारला नाही. मग मला वाटलं, एवढ्या शिव्या ऐकूनही ज्यानं मला हाकललं नाही, तो इनासला कशाला हाकलेल? त्यानं तर तोंडही उघडलं नव्हतं."

मी विचारलं, तर मग मला का नाही सांगितलंस? एवढी ताटं पाठवलीस, नेवऱ्या पाठवल्यास, एक चिठ्ठी पाठवायची.

"मला वाटलं तुला माहीत नाही. तुला वाटतंय, आपण बरोबर केलं. मग मी कशाला सांगू, की चुकलं? तू त्या दिवशी पुरेसं केलं होतंस."

म्हणजे हे गुपित फिलूला ठाऊक होतं, फादरना ठाऊक होतं, मॅडमना बहुधा ठाऊक होतं, कारण त्या शेजारीच होत्या. ते जपून ठेवलं होतं ते एकट्या मायपासून, आणि सव्वीस वर्षं मीच जपतेय अशी माझी समजूत होती. मला हसू यायला लागलं, मग ते दुसरंच काही झालं, आणि फिलूनं पदर नसल्यामुळे चुलीजवळचा फडका पुढे केला. त्याला खोबऱ्याचा वास होता.

"आणखी एक," ती म्हणाली. दोस आता भांड्याच्या कडा सोडायला लागला होता. "तू त्याच्याशी बोलत होतीस ते आठवतंय?"

नाही. मला काही आठवत नव्हतं.

"सारखी बोलत होतीस. फुगा दाबत होतीस आणि बोलत होतीस. ये बाळा, ये. घे श्वास, घे रे राजा. आई हांगाच आसा, पळय. असंच सगळं. मला हात उचलता येत नव्हता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मला वाटत होतं, माझ्या मुलाला कुणीतरी हाक मारायला हवी, आणि माझ्यानं होत नाही. आणि तू मारत होतीस." तिनं भांडं उतरवलं. "बावीस मिनिटं जगला तो. तेवढ्यात त्याला बाळा म्हणणारी तू. पाण्याचं देव बघून घेईल, सिस्टर. पण देव त्या खोलीत होता असं मला पुढं वाटलं ना, तर ते त्या आवाजामुळे."

मी उठून ताट पुढे ओढलं आणि त्याला तुपाचा हात लावला.

दोस ताटात ओतून थापायला मी मदत केली. वड्या मी वाकड्या कापल्या, त्या तिनं सरळ केल्या. निघताना ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, रविवारी साडेदहाला, उशीर नको.

रविवारी मी पुढे उभी राहिले. आमचे हेही आले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, चौथ्या बाकावर. आताचे फादर तरुण आहेत, गोलमटोल, हसरे. फिलूच्या लेकीनं बाळाला कुंडावर आडवं धरलं. नाव घेतलं. पहिल्यांदा पाणी पडलं, ते वाहिलं. दुसऱ्यांदा पडलं, वाहिलं. मी मोजत होते. तिसऱ्यांदा पाणी कानामागून ओघळून कुंडात टपटपलं, आणि पोरीनं श्वास आत ओढून जी काही आरोळी ठोकली, तिनं सगळी इगर्ज भरून गेली. फादर पुढचं काही बोलायच्या आत माझ्या तोंडून बाहेर पडलं, चांगलं मोठ्यानं, लेबर रूममधल्यासारखं, "आलंय गो बाय, आलंय. जालें हां. जालें."

चारही बाजूंनी लोक वळून बघायला लागले. फादर हसले. चौथ्या बाकावर यांनी मान खाली घातली.

फिलूनं वळून पाहिलं नाही. ती डोळे मिटून ऐकत होती.